प्रतिकारशक्तीच्या वळूची कांडी भरली तर उलटणारी गाय गाभण राहील का?

तुमची एचएफ (होल्स्टीन) संकरित गाय तीनदा उलटली, म्हणजे भरूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, आणि रेतन करणारे म्हणतात, चांगल्या प्रतिकारशक्तीच्या वळूची महाग कांडी (गोठवलेल्या रेताची नळी) भरा, गाय गाभण राहील. हे खरं का, असं तुम्ही विचारलंय.

या गायीपुरतं सांगायचं तर नाही. वळूचा गुण उतरतो वासरात, गायीच्या अंगात नाही. फायदा दिसायचा तर आधी कालवड व्हायला हवी, ती वाढून व्यायला हवी. म्हणजे तीन-सव्वातीन वर्षं गेली.

पण त्या कांडीत तथ्य नाही असं मात्र नाही. कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठात बॉनी मॅलार्ड यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. जनावराला ठरावीक प्रथिनं टोचायची, मग रक्तात प्रतिपिंडं किती तयार होतात आणि टोचल्या जागी कातडी किती जाड होते, ते मोजायचं. दोन्ही अंगांनी सरस ठरलेल्या गायींमध्ये दगडी (कासेची सूज) आणि गर्भाशयाचे आजार कमी आढळले. गाभण राहण्याच्या गुणात वंशाचा वाटा जेमतेम 5 टक्क्यांच्या आसपास, प्रतिकारशक्तीत मात्र 25 टक्क्यांच्या आसपास. म्हणून वळू निवडून प्रतिकारशक्ती लवकर सुधारते, आणि तिच्या आडून गाभण राहणंही. तिकडचं हे काम शुद्ध होल्स्टीनवर झालंय, आपल्या संकरित गायी आणि आपला उन्हाळा वेगळा, हे लक्षात ठेवा.

आडून म्हणजे कसं, ते मी गोठ्यात बघितलंय. पलूस तालुक्यात माझ्या नऊ गायी आहेत. आधी मी फक्त दुधाचा आकडा बघून वळू निवडायचो. त्यातल्या एका गायीची पहिल्या वेताला वार (वासरामागून पडणारी झार) अडकली. वार सुटते तीसुद्धा पांढऱ्या पेशींमुळे. गायीचं शरीर तिला परकी ओळखतं तेव्हा. व्यायच्या सुमारास या पेशी मंदावतात, त्यात दुधाचा ताण. चौथ्या दिवशी शेपटीखाली तांबूस, घाण वासाचा स्राव चिकटलेला. पुढे माजावर आली, पण सोटात (माजाच्या चिकट स्रावात) पुवाचे बारीक पांढरे ठिपके. चार कांड्या वाया गेल्या आणि वर्षभर ती भाकडच राहिली. दगडीनंही असंच होतं. कासेतल्या जंतूंचं विष रक्तात उतरलं की बीज सुटायला उशीर होतो, कधी कोवळा गर्भही जिरतो.

आता मी वळूच्या पत्रकात त्याच्या मुलींचं गाभण राहणं आणि कासेचं आरोग्य आधी बघतो, दूध नंतर. प्रतिकारशक्तीचा वळू परवडत असेल तर चांगल्या गायींना जरूर भरा. त्याने लसीकरण मात्र सुटत नाही. लाळ्या-खुरकूत, लम्पी आहेच, आणि कालवडींना 4 ते 8 महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस.

तुमच्या गायीला महाग कांडी आत्ता नको. पुढच्या माजाला हातमोजा घालून सोट उजेडात बघा. काचेसारखा स्वच्छ असेल तर रेतनाची वेळ तपासा: संध्याकाळी माज दिसला तर सकाळी भरायचं. गढूळ असेल तर तो माज सोडा आणि आधी डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्या. आणि मागच्या वेताला वार किती तासांत पडली होती, ते इथे कळवा.