आधी लोड विचारा, मग गॅसला हात लावा

निपाणीच्या सदस्यांची पोस्ट वाचली. हायस्पीड स्टीलच्या पंचावर (पत्रा कापायच्या-दाबायच्या हत्यारावर) स्पटरिंगने, म्हणजे निर्वात चेंबरमध्ये धातूचे अणू उडवून, २ मायक्रॉन टायटॅनियम कार्बाइडचा कठीण थर, लॅबचा आकडा ११०० विकर्स (हिऱ्याचं टोक दाबून उठलेल्या खुणेवरून काढलेला कठीणपणा), शेरा 'अपेक्षित कठीणपणा नाही', आणि म्हणून आता अ‍ॅसिटिलीन (थराला कार्बन देणारा गॅस) आणि बायस (पंचाला दिलेलं ऋण व्होल्टेज) बदलायचा बेत. जरा थांबा. चेंबर आहे तशी राहू द्या.

लोड, म्हणजे टोकावरचा भार, १०० ग्रॅम, असं तुम्हीच लिहिलंय. ११०० विकर्सला त्या लोडची खूण कर्णात जवळपास १३ मायक्रॉन येते. खोली कर्णाच्या सातव्या हिश्श्याएवढी, म्हणजे १.८ मायक्रॉनच्या वर. कोटिंगच २ मायक्रॉनचं! हिऱ्याचं टोक जवळजवळ तळाला पोचलं, खालच्या स्टीलनेच बराचसा जबाब दिला, म्हणजे ११०० हा नुसत्या कोटिंगचा आकडा नाही.

आम्हालाही असाच कागद मिळाला होता. लॅबचं नाव घेत नाही. फोन केला तर "मशीन कॅलिब्रेटेड आहे, सर्टिफिकेट बघा." अहो, मशीन बरोबरच आहे, पण लोड? "आमच्याकडे हाच लोड लावतात." गिऱ्हाइकाने त्या कागदावर पेमेंट अडवलं, वर बायस वाढवायला लावला. बायस वाढला तसा थरातला दाब-ताणही वाढला आणि चांगलं बसलेलं कोटिंग पंचाच्या धारेवरून पापुद्रे सोडायला लागलं. लॅबने मात्र फेरतपासणीची फी घेऊन पुन्हा तोच लोड लावला!

कोटिंगचा कठीणपणा हवा असेल तर टोक जाडीच्या दहाव्या हिश्श्यातच थांबायला हवं, तुमच्याकडे ०.२ मायक्रॉन. त्याला नॅनोइंडेंटरच लागतो, म्हणजे अगदी हलक्या लोडने टोक दाबून खोली मोजणारं मशीन. ३० गिगापास्कलच्या (साधारण ३००० विकर्सच्या) थरात १० मिलिन्यूटनला, म्हणजे जेमतेम एक ग्रॅम लोडला, बर्कोविच टोक (त्याचं तीन बाजूंचं हिऱ्याचं टोक) साधारण ०.१२ मायक्रॉन जातं. पंचावर हे मोजू नका, ग्राइंडिंगच्या रेघाच त्याहून खोल असतात. आरशासारखं पॉलिश केलेलं कूपन, म्हणजे त्याच स्टीलचा चाचणीचा तुकडा, प्रत्येक बॅचला पंचाशेजारी टांगा. बंगळूरला आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था), एनएएल (राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा) यांच्याकडे चौकशी करून बघा. पाठवताना जाडी लिहून द्या, आणि नुसता आकडा न घेता लोड-खोलीचा आलेख मागा.

मी मेटॅलर्जिस्ट नाही, बेळगावच्या उद्यमबागेत कोटिंगची चेंबर चालवणारा माणूस आहे, तेव्हा पुढचं माझं मत म्हणून घ्या. ४० गिगापास्कलच्या मागे लागू नका. टायटॅनियम कार्बाइडचे काही नॅनोमीटरचे कण आणि त्यांच्यामध्ये अस्फटिक (अणूंची ठरावीक मांडणी नसलेल्या) कार्बनचा पातळ थर, अशी रचना जमली की कठीणपणा चढतो, कारण इतक्या बारीक कणात डिसलोकेशनला (अणूंच्या रांगेतला दोष, जो सरकला की धातू वाकतो) पळायला जागा नसते. कार्बन जास्त झाला की कठीणपणा उतरतो, पण घर्षणही उतरतं. पंचाला मला ते दुसरं जास्त कामाचं वाटतं.

कोटिंग स्टीलला किती घट्ट चिकटलंय ते मात्र आजच बघा. हीट ट्रीटमेंटवाल्याकडे रॉकवेल सी (स्टीलचा कठीणपणा मोजायचं) मशीन असतंच. १५० किलोचा एक ठसा कूपनवर मारा आणि कडा मायक्रोस्कोपखाली बघा. बारीक चिरा चालतील, पापुद्रे निघाले तर कोटिंगखालचा टायटॅनियमचा अस्तर-थर आणि आर्गॉन एचिंग (कोटिंगआधी आर्गॉनच्या माऱ्याने पृष्ठभाग साफ करणं) तपासा.

पावसाळ्यात आपल्याकडे चेंबर उघडी ठेवून चहाला जायचं नाही. भिंतींना बसलेलं पाणी पंपाला तासन्‌तास पुरतं, आणि त्यातला ऑक्सिजन टायटॅनियम आधी गिळतं.

आणि हो, पुढे कधी डी-टूचा (दुसऱ्या जातीच्या टूल स्टीलचा) पंच आला तर टेंपरिंग, म्हणजे कडक केल्यावरची पुन्हा तापवणी, किती अंशाला केलंय ते आधी विचारा. २०० अंशांचं असेल तर कोटिंगच्या ४०० अंशांत पंचच मऊ पडेल. तुमचं हायस्पीड ५५० च्या आसपास टेंपर झालेलं असणार, त्याची चिंता नाही.

त्या लॅबला फेरतपासणीची फी तेवढी भरू नका.