भामरागडले जायचं कसं?

प्रश्न : भाऊ, आमी यवतमाळकडचे, दिवाळीनंतर फॅमिली घेऊन गडचिरोली जिल्ह्यातलं भामरागड पाहाचं आहे. ट्रेन जाते का? अन् तिथं पाहाण्यासारखं काय?

उत्तर : ट्रेन भामरागडपर्यंत नाही ताई, बल्लारशाहले उतरा अन् पुढं आष्टी-आलापल्ली करत रोडनंच जा, एसटी आहे पण गाड्या मोजक्याच, म्हणून स्वतःची गाडी असली तर बरं, अन् पेट्रोल आलापल्लीलेच फुल्ल करून घ्या. तिथून साधारण 65 किमी, पण घड्याळ पाहू नका, दोन्हीकडून सागाचं जंगल, मधीच ऐन, मोह, तेंदू. गावाच्या अलीकडं पर्लकोटा नदीचा पूल लागते. पावसाळ्यात पूर आला की याच पुलावरून पाणी जायचं अन् गाव तुटायचं, तुमी दिवाळीनंतरचं ठरवलं हे चांगलं केलं.

खरी मजा संगमावर. इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम अशा तीन नद्या मिळतात, इंद्रावतीच्या पल्याड छत्तीसगड. संध्याकाळी नुसतं बसून राहा, पोरं मोबाईल विसरतात (आमची तरी विसरली). हेमलकसा 3 किमीवर, 1973 पासूनचा लोकबिरादरी प्रकल्प (आमटे कुटुंबाचा, आदिवासींसाठी दवाखाना अन् शाळा) तिथंच. माडिया आदिवासींच्या गावात गेले तर विचारल्याशिवाय फोटो काढू नका.