माफीनंतर काय?

प्रश्न : परदेशी नागरिकांबद्दल मंत्री वंशद्वेषी बोलतात, ओरड झाली की माफी मागतात आणि प्रकरण मिटते. एवढे पुरेसे आहे का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. २०१३ साली गोव्यातील पर्रा येथे एका नायजेरियन नागरिकाचा खून झाल्यावर त्याच्या देशबांधवांनी पर्वरीत महामार्ग रोखून धरला, तेव्हा तत्कालीन मंत्री दयानंद मांद्रेकर यांनी नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली आणि टीका होताच दिलगिरी व्यक्त केली. रस्ता अडवणाऱ्यांवर कारवाई योग्यच होती. पण मूठभरांच्या कृत्याचे खापर अख्ख्या समाजावर फोडले की आफ्रिकन भाडेकरूला खोली नाकारणाऱ्या घरमालकाला आयतेच बळ मिळते, आणि ते माफीने परत घेता येत नाही. (‘भावना दुखावल्या असतील तर’ ही तर माफीच नव्हे.) वंशाच्या आधारे वैरभाव पसरवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ नुसार गुन्हा असला, तरी प्रत्येक उद्दाम वाक्य त्यात बसत नाही; शिवाय मंत्र्याचे विधान सरकारच्या माथी मारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटले आहे. म्हणूनच अशा मंत्र्याचे खाते काढून घ्यायचे की नाही, हे मुख्यमंत्र्यांनी ठरवून विधानसभेत सांगितले पाहिजे.