घरून छोटा व्यवसाय करायचाय, कोणतं ब्रॉडबँड घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की घरातल्या एका खोलीत काम सुरू करताय, दोन कॉम्प्युटर आहेत, दिवसभर फाइली पाठवायच्या-मागवायच्या आणि अधूनमधून व्हिडिओ कॉल. महिन्याला हजाराच्या आत कोणत्या कंपनीचं कनेक्शन घ्यावं?

मी कराडमध्ये घरूनच लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. कंपनीचं नाव मात्र सांगणार नाही, कारण माझ्या गल्लीत जी लाइन उत्तम चालते तीच दोन गल्ल्या सोडून रडतखडत चालते. त्यापेक्षा तुमच्या गल्लीतला झेरॉक्सवाला, मेडिकलवाला किंवा एखादे सीए गाठा आणि एवढंच विचारा, "नेट शेवटचं कधी गेलं होतं आणि किती वेळात आलं?" स्पीडचं विचारू नका. "भारी आहे" याखेरीज उत्तर मिळत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. एका मोठ्या कंपनीचं 300 एमबीपीएसचं कनेक्शन स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं, तेही वर्षाचे पैसे एकरकमी भरून. ऐन मे महिन्यात गटाराच्या कामाला जेसीबी आला आणि फायबर तुटली. बॉक्सवर लाल दिवा. टोल-फ्री नंबरवर रोज नवी मुलगी गोड आवाजात "48 तासांत होईल सर" म्हणायची. पाच दिवस गेले. पेनड्राइव्ह घेऊन मलकापूरला मेव्हण्याच्या घरी जाऊन फाइली चढवत होतो, आणि मेव्हणा ते अजून विसरलेला नाही. आता गावातल्या केबलवाल्याचं 100 चं कनेक्शन आहे. त्याचा लाइनमन मागच्याच आळीत राहतो. फायबर आताही तुटते, पण संध्याकाळपर्यंत तो शिडी घेऊन आलेला असतो. म्हणून आधी महिन्याचाच प्लॅन घ्या, वर्षाचा नको. पैसे एकदा गेले की भांडायला हातात काही उरत नाही.

दुसरी गोष्ट अपलोडची, आणि धंद्यासाठी खरी मेख इथेच आहे. जाहिरातीतला आकडा डाउनलोडचा असतो. सिनेमा बघणाऱ्याला तो पुरतो, पण आपल्याला माल बाहेर पाठवायचा असतो. माझा चाळीस शीटचा अल्बम लॅबला पाठवायचा म्हणजे साधारण 1 जीबी. अपलोड 10 एमबीपीएस असेल तर तेरा-चौदा मिनिटं, 100 असेल तर दीड मिनिट. (एमबीपीएसला आठाने भागलं की सेकंदाला किती एमबी जातील ते कळतं. 100 चं कनेक्शन म्हणजे साडेबारा.) तेव्हा "अप-डाउन सारखं देता का?" असं स्पष्ट विचारा. तसं मिळत असेल तर तुमच्या कामाला 100 भरपूर झालं. 300 च्या मागे लागून पैसे घालवू नका.

तो आकडाही दिवसभर तसाच राहतो असं नाही. एका फायबरवर स्प्लिटर लावून 32 किंवा 64 घरं जोडलेली असतात, आणि केबलवाल्याने वरून बँडविड्थ कमी घेतली असेल तर रात्री नऊला सगळे टीव्हीसमोर बसले की कळतंच. शेजाऱ्याकडे स्पीड टेस्ट करायची तर त्याच वेळी करा. "अनलिमिटेड"लाही बहुधा मर्यादा असते, बऱ्याच प्लॅनना महिन्याला 3300 जीबी. तुम्ही तिथवर पोचणार नाही, पण काही लहान प्लॅनमध्ये ती बरीच कमी असते, तेवढी बघून घ्या.

बजेटचं म्हणाल तर जाहिरातीतल्या किमतीवर 18 टक्के जीएसटी लागतो. हजाराच्या आत बसायचं तर प्लॅन 847 पर्यंतचा हवा. जीएसटी नंबर असेल तर बिल व्यवसायाच्या नावावर घ्या, क्रेडिट मिळतं.

गच्चीवर डबा बसवून 5जी वर चालणारं एअरफायबर तुमच्याकडे येऊन विकतील. फायबर पोचतच नसेल तर घ्या. फायबर मिळत असताना धंद्यासाठी मी ते घेणार नाही, कारण अपलोड कमी मिळतो आणि टॉवरवर गर्दी झाली की तोही डगमगतो. बाहेरून घरातला कॅमेरा किंवा टॅली उघडायचं असेल तर स्टॅटिक आयपीचं, म्हणजे न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्याचं, आधी बोलून घ्या. त्याचे पैसे वेगळे पडतात, आणि काही केबलवाले देतच नाहीत.

कोणतंही घेतलंत तरी दोन खर्च टाळू नका. एक, राउटरसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस, हजार-दीड हजारात येतो. वीज गेली तरी फायबर चालूच असते, बंद पडतो तो आपला डबा. दुसरा, वेगळ्या कंपनीचं एक सिम. हॉटस्पॉटवर निदान बिलं आणि मेल तरी जातात.

बसवायला माणूस येईल तेव्हा त्याला "पॉवर किती येतेय?" विचारा, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद (डीबीएममध्ये). त्याच्याकडे मीटर असतो. उणे 15 ते उणे 25 मध्ये असेल तर निश्चिंत राहा. उणे 27 च्या पुढे, म्हणजे उणे 28-29, असेल तर जॉइंट पुन्हा मारायला लावा, तो गेल्यावर कोणी फिरकत नाही. बॉक्स टीव्हीमागे नको, कामाच्या खोलीत बसवून घ्या आणि दोन्ही कॉम्प्युटर लॅन केबलने जोडा. फायबर भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात दाबू देऊ नका. आमच्याकडे दिवाळीला रंगाऱ्याने ती खिळ्यात अडकवून नीटनेटकी बसवली होती, आणि दोन दिवस मी केबलवाल्याशीच भांडत होतो.