शिकलेली माणसंही खोट्या गोष्टींवर विश्वास का ठेवतात?

बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. माझ्या मते सगळ्यात मोठं कारण आहे पुनरावृत्ती. १९७७ साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या संशोधकांनी विद्यार्थ्यांसमोर दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा काही विधानं ठेवली, त्यात खरी होती तशी खोटीही. जी पुन्हा पुन्हा कानावर पडली, ती खोटी असूनही जास्त खरी वाटू लागली. ओळखीची गोष्ट मेंदूला समजायला सोपी जाते आणि तो सोपेपणाच आपण खरेपणा समजतो. नंतरच्या प्रयोगांत तर योग्य उत्तर ठाऊक असलेलेही यात फसले.

त्यात भीती मिसळली की खोटं निघता निघत नाही. गोवर, गालगुंड आणि रुबेलावरच्या एमएमआर लशीचा संबंध स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) जोडणारा ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्डचा लेख १९९८ साली आला. अवघ्या १२ मुलांवरचा! तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो मागे घेतला २०१० साली. तोवर कितीतरी आईवडिलांच्या मनात धास्ती बसली होती, आणि ती अजूनही आहे. याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून कुणाची चूक दुरुस्त करताना आधी खरं काय ते सांगा. अफवेचा उल्लेख एकदाच करा, आणि ती का चुकीची आहे हे लगेच समजावून सांगा. समोरच्याला मूर्ख ठरवलंत, तर तो ऐकणारच नाही.