पोटरी परत परत धरतेय? स्ट्रेचिंग राहू दे, आधी गुडघा वाकवून टाच उचलून बघा

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. सांगलीत आमराईच्या बाजूला पळता, पोटरी धरली की दोन-तीन आठवडे थांबता, दुखायचं थांबतं, परत सुरू केलं की थोड्याच दिवसांत त्याच जागी चमक, आता हे तिसऱ्यांदा झालंय, वय त्रेचाळीस, त्यात सातारा हिल मॅरेथॉनचं नाव नोंदवून बसलाय, आणि विचारताय काय तर स्ट्रेचिंग कुठलं करू आणि स्लीव्ह (पोटरीवर चढवायची घट्ट पट्टी) कुठली घेऊ. साताऱ्यात राहून माझं अगदी हेच झालेलं, म्हणून जरा लांबलचक लिहितेय. मी डॉक्टर नाही, फिजिओ पण नाही, माझ्या पायाला जे लागू पडलं ते तुमच्या पायाला पडेलच असं नाही, तेवढं धरून वाचा. बर्फ, आराम वगैरे तुम्हाला माहीतच असणार, त्यात जात नाही.

माझं सगळ्यात जास्त नुकसान दुखापतीने नाही, एका फिजिओथेरपी सेंटरने केलं. नाव घेत नाही. पॅकेजचे पैसे आधी भरून घेतात तसलं. पालथं झोपायचं, पोटरीला पॅड चिकटवून करंट लावायचा, वरून गरम शेक, बझर वाजला की उठून घरी. रोज मुलगी वेगळी, मशीन तेच. इतक्या सिटिंग झाल्या पण एकानेही मला उभं करून 'एका पायावर टाच उचला बघू' म्हटलं नाही. शेवटच्या दिवशी अंगठ्याने पोटरी दाबली, दुखतंय का विचारलं, नाही म्हटल्यावर फाइलवर 'फिट' लिहून मोकळे. मी त्या शब्दावर विश्वास ठेवून यवतेश्वरचा घाट चढायला लागले आणि समर्थ मंदिर मागे पडून चढ सुरू होतो न होतो तोच मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं, टाच टेकवता येईना. परत गेले तर परत तेच पॅकेज, आणि वर सल्ला, मॅडम या वयात चालायचं, पळायचं कशाला. अजून आठवलं की संताप होतो. करंट आणि शेकाने दुखणं कमी होतं हो, पण स्नायूची ताकद त्याने वाढत नाही, आणि दुखणं गेलं म्हणजे पाय तयार झाला हे सांगणाऱ्या माणसाने तो पाय तपासलेलाच नव्हता. तो अख्खा सीझन गेला माझा.

नंतर दुसऱ्या एकांकडे गेले, त्यांनी मशीनला हातच लावला नाही, पायरीवर उभं केलं. गुडघा ताठ ठेवून एका पायावर टाचा उचलायला लावल्या, दोन्ही पाय जवळपास सारखे. मग गुडघा थोडा वाकवून तेच. चांगला पाय आरामात चालला, दुखऱ्या पायाची टाच निम्म्यातच थरथरायला लागली आणि पूर्ण वर जाईचना. बस, उत्तर तिथंच मिळालं.

पोटरीत मुख्य दोन स्नायू. वरचा फुगीर दिसतो तो गॅस्ट्रोक्नेमियस, गुडघ्याच्या वरून सुरू होतो, गुडघा ताठ असताना जास्त काम करतो, तो फाटला की एकदम सटकन कळतं. त्याच्याखाली सोलियस, गुडघ्याच्या खालून सुरू होतो, गुडघा वाकला की भार त्याच्यावर. पळताना गुडघा वाकलेलाच असतो, आणि सोलियसवर शरीराच्या वजनाच्या ६ ते ८ पट जोर येतो. त्याचं दुखणं बहुतेक वेळा हळूहळू येतं, खोल, खालच्या बाजूला, जखडल्यासारखं, म्हणून आपण 'भरून आलंय' म्हणून पळत राहतो. तुम्ही जे वर्णन केलंय ते मला सोलियसचंच वाटतंय, चुकत असेन तर सांगा. आणि सांगली सपाट, घाटात पाय घोट्यातून जास्त वाकतो आणि चवड्यावर वजन जातं, तिथं हा स्नायू आधी बोलतो. चाळिशीनंतर पोटरीची दुखापत जास्त होते हे पण खरंय, पण म्हणून पळणं सोडायचं कारण नाही.

मी काय केलं ते सांगते. चालताना दुखायचं पूर्ण थांबेपर्यंत काही नाही. मग दोन पायांवर टाचा, मग एका पायावर, हळू वर, त्याहून हळू खाली. सोबत खुर्चीत बसून गुडघ्यांवर वजन ठेवून टाचा उचलायच्या, मी दहा किलोच्या गव्हाच्या पिशवीपासून सुरुवात केली, नंतर जिममध्ये वाढवत नेलं. एक दिवसाआड, आठवडे नाही, महिने. गुडघा वाकवून एका पायावर पंचवीसच्या आसपास व्हायला हवेत आणि दोन्ही पाय सारखे, मग जागच्या जागी एका पायावर उड्या मारून बघायच्या, त्यात दुखलं नाही तरच पळायचं. ते पण एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, सपाटीवर. आधी अंतर, मग स्पीड, घाट सगळ्यात शेवटी. चढाची सवय दंडोबाच्या डोंगरावर जाऊन करा, सुरुवातीला चालत चढा.

स्लीव्ह घालून बरं वाटत असेल तर घाला, पण त्याने दुखापत थांबते असं मला तरी वाटत नाही. ताज्या दुखापतीत ताणायचं तर नाहीच, आणि मालीशवाल्याकडे तर पहिल्या दिवसांत अजिबात जाऊ नका, आत रक्त साकळलेलं असताना तो दणकून चोळतो आणि प्रकरण वाढतं. बूट एकदम सपाट टाचेचे घेतले असतील तर ते पण तपासा, टाच जितकी खाली तितकं काम पोटरीला.

हे मात्र मनापासून सांगते. न पळता पोटरी दुखायला लागली, एकच पाय सुजला, गरम लागतोय, लाल झालाय, खासकरून लांबच्या एसटी प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर, तर ती लचक समजून चोळत बसू नका, रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठून डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करून घ्या. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर एक मिनिट थांबू नका. आणि दुखणं मांसात नसून नडगीच्या हाडावर एका बोटाएवढ्या जागी असेल तर तो वेगळा विषय, त्याला हे व्यायाम नाहीत, आधी हाडाच्या डॉक्टरला दाखवा. दर रनला ठरावीक मिनिटांनीच आवळून येतं आणि थांबलं की जातं, असं असेल तरी डॉक्टरला तसं स्पष्ट सांगा, पोटरी म्हटलं की सगळे लचकच धरतात.

यंदाच्या हिलचं विचाराल तर माझं मत, नाव नोंदवलंय म्हणून उतरू नका. चालताना दुखायचं थांबलं की गुडघा वाकवून एकेका पायावर टाच किती वेळा उचलता येते ते मोजा, आणि दोन्ही आकडे इथंच टाका, मग किती वजनापासून सुरू करायचं ते बघू.