वाचक विचारतात : पलटणीतल्या माणसांकडून काकांची आठवण

प्रश्न : माझे थोरले काका मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. डिसेंबर 1971 मध्ये जमालपूरला (आताच्या बांगलादेशात) ते कामी आले. घरात एक फोटो, तार, दोन पदके आणि चार पत्रे आहेत. काकूंचे वय झाले. नातवंडांसाठी सगळे लिहून ठेवायचे आहे, सुरुवात कुठून करू? (एक वाचक, जि. सातारा)

उत्तर : नंबरापासून, म्हणजे काकांच्या सैनिकी क्रमांकापासून. फौजेत नावापेक्षा नंबर पक्का. नावाचे स्पेलिंग भरतीच्या वेळी जसे पडले तसेच राहते, आणि एका पलटणीत जाधव कितीतरी. नंबर काकूंच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर असतो. तो सापडला नाही तर पदक उजेडात तिरके धरा. कडेवर किंवा मागे बारीक अक्षरांत नंबर आणि नाव कोरलेले असते. पदक चिंचेने किंवा भांड्यांच्या पावडरीने कधीही घासू नका, नेमकी तीच अक्षरे झिजतात. 1971 च्या युद्धाच्या पदकांत पूर्वी स्टार म्हणजे पूर्व आघाडी, पश्चिमी स्टार म्हणजे पश्चिम. ऐकीव गोष्टी यावर ताडून पाहा. पत्रांवर ठिकाण शोधू नका, तिथे ‘द्वारा 99 एपीओ’ (फौजेचे टपाल कार्यालय) एवढेच असायचे. पत्रे आणि फोटो लॅमिनेट करू नका. उष्णतेने शाई उडते आणि प्लास्टिक परत निघत नाही. 600 डीपीआयवर दोन्ही बाजू स्कॅन करा. फोटोच्या पाठीमागचा शिक्काही कामाचा असतो.

नंबर, नाते दाखवणारा कागद आणि काकूंच्या सहीचा अर्ज घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि तो बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडे पाठवायला सांगा. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नका. कंपनी (पलटणीतली तुकडी), मृत्यूची तारीख आणि जागा असे तीनच प्रश्न विचारा.

कंपनी कळली की माणसे सापडतात. जमालपूरला 1 मराठा, म्हणजे जंगी पलटण होती. 10 डिसेंबरच्या रात्री वेढ्यातून निसटू पाहणारी पाकिस्तानची 31 बलुच पलटण तिच्या मोर्चांवर, म्हणजे खंदकांवर आदळली. पण त्या रात्री पलटणीत असलेल्या प्रत्येकाने काकांना पाहिले असेलच असे नाही, म्हणून त्यांच्याच प्लाटूनचा, म्हणजे कंपनीतल्या छोट्या तुकडीचा माणूस शोधा. तालुक्याची माजी सैनिक संघटना आणि सैनिकांचे कॅन्टीन, दोन्हीकडे विचारा.

भेटायला गेलात की मरणाचा विषय आधी काढू नका. बेळगावच्या ट्रेनिंगपासून धरा : कुणाशेजारी झोपायचे, काय गायचे, सुट्टीवरून येताना घरून काय आणायचे. काकूंना नेमके हेच हवे असते, आणि तारेत ते नव्हते. मग कागद पुढे करून मोर्चा, वाट, शेत काढायला सांगा. हात चालू लागला की आठवणी निघतात. म्हातारी माणसे लवकर थकतात, तेव्हा एका बैठकीला पाऊण तास पुरे. शेवटचे क्षण सांगायचे झाले तर काकूंसमोर नको. आधी तुम्ही ऐका, मग त्यांना किती ऐकायचे ते त्यांनाच विचारा. दोघांचे सांगणे जुळले नाही तर मधला मार्ग काढू नका. अंधारात ज्याला जेवढे दिसले तेवढेच तो सांगतो. दोन्ही लिहा, नावानिशी.

प्रश्न : अंत्यसंस्कार तिकडेच झाले. तिथीही नक्की माहीत नाही, श्राद्ध कधी करावे? (तेच वाचक)

उत्तर : पितृपंधरवड्यातली भाद्रपद वद्य चतुर्दशी शस्त्राने मृत्यू आलेल्यांसाठीच आहे, त्या दिवशी करा. रेकॉर्डवरून तारीख आली तर 1971 चे पंचांग काढून तिथी बघा. रात्रीच्या लढाईत मात्र मध्यरात्रीच्या अलीकडचे की पलीकडचे हे साथीदारांना विचारून घ्या. एका दिवसाचा फरक इथेच पडतो.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्याग चक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतरच्या लढायांत पडलेल्यांची नावे कोरली आहेत. काकूंचा प्रवास झेपत असेल तर त्यांना न्या. संध्याकाळी तिथे हुतात्म्यांच्या कुटुंबीयांच्या हस्ते पुष्पचक्र वाहिले जाते. त्यासाठी आधी कळवावे लागते. जाण्यापूर्वी नाव कोणत्या भिंतीवर आहे ते नंबरावरून शोधून ठेवा, म्हणजे त्यांना ताटकळत उभे राहावे लागणार नाही.